ध्रुवावरचा दिवस, दख्खनचे गणित

सोलापूर १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे. तिथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. तो सुमारे १३ तास १० मिनिटांचा, म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ ३३ घटकांचा असतो. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस ११ तासांच्या वर जेमतेम चार-पाच मिनिटे. वर्षभरात दिनमानाचे हेलकावे एवढेच, दोन तासांच्या थोडे वर. पूर्वेला पहिला उजेड दिसल्यापासून सूर्य वर येईपर्यंत सव्वा तास जातो, आणि हे बाराही महिने थोड्याफार फरकाने तसेच चालते. याच सोलापुरातून शंभराहून अधिक वर्षे दाते पंचांग निघते आहे आणि महाराष्ट्राच्या घराघरांत भिंतीला टांगले जाते आहे. त्याच्या दिनमानाच्या हिशेबात माणसाला चकित करील असा आकडा कधी येत नाही. सूर्य महिनोन्‌महिने मावळत नाही असा एखादा प्रदेश असेल, ही शंकासुद्धा या आकाशाखाली राहणाऱ्याला यायचे कारण नाही. तरीही या दख्खनच्या पट्ट्यात ध्रुवावरच्या दिवसाविषयी दोन मोठी कामे झाली. पहिले भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पुरे केले, दुसरे लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्याने सांगितले की अमुक अक्षांशाच्या पलीकडे सूर्य इतके महिने दिसणार नाही. दुसऱ्याने सांगितले की आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, त्याअर्थी ते तिथेच राहत होते. टिळकांचा निष्कर्ष आज जवळजवळ कोणी मानत नाही आणि त्याची कारणे बहुधा भूगर्भशास्त्रातून किंवा पुरातत्त्वातून दिली जातात. ती कारणे खरी आहेत. पण मला वाटते, त्या निष्कर्षाला सर्वांत जुने आणि सर्वांत नेमके उत्तर भास्कराचार्यांच्या पोथीतच होते, आणि टिळकांना ती पोथी चांगली परिचयाची होती.

आधी गणिताचा भाग पाहू, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजची पोथी म्हणजे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे ‘ग्रहलाघव’, शके १४४२ चे, म्हणजे इसवी सन १५२० चे. ज्या-कोज्यांची कटकट टाळून साध्या गुणाकार-भागाकारांवर काम उरकायचे, ही त्या ग्रंथाची ख्याती. दिनमान काढायची त्याची रीत अशी: विषुवदिनी भर मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. तिला अनुक्रमे १०, ८ आणि सव्वातीनच्या किंचित वर, म्हणजे दहाच्या तिसऱ्या हिश्श्याने, गुणायचे. ही झाली तीन चरखंडे. सोलापूरची पलभा ३ अंगुळे ४९ व्यंगुळे येते. तिन्ही चरखंडांची बेरीज साडेएक्याऐंशी पळे, सकाळ-संध्याकाळ मिळून दुप्पट, आणि ती ३० घटकांत मिळवली की सर्वांत मोठा दिवस ३२ घटका ४३ पळांचा ठरतो. घड्याळाच्या भाषेत १३ तास ५ मिनिटे. हवेमुळे सूर्य थोडा आधी उगवलेला आणि थोडा उशिरा मावळलेला दिसतो, तेवढा भाग वगळला तर आजचे काटेकोर गणित १३ तास साडेतीन मिनिटे देते. दोन मिनिटांहून कमी चूक! पाचशे वर्षांपूर्वीच्या तीन गुणाकारांना याहून काय मागायचे? पण हीच रीत ६६ अंशांवर लावून पाहा. तिथली पलभा सुमारे २७ अंगुळे भरते आणि दिवस ४९ घटकांचा निघतो. प्रत्यक्षात तो पुऱ्या ६० घटकांचा असतो, सूर्य मावळतच नाही. ही रीत आपल्या मुलखासाठी रचलेली आहे. तिच्या वाटेने चालत राहिले तर ध्रुवप्रदेशाचा पत्ताच लागत नाही. म्हणजे ध्रुवावरचा दिवस हा इथल्या अनुभवाचा लांबवलेला हिशेब नाही. त्यासाठी पृथ्वीचा आणि आकाशाचा गोल डोळ्यांपुढे आणून, क्रांती, म्हणजे सूर्याचे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, आणि अक्षांश यांच्या ज्यांशी भिडावे लागते.

भास्कराचार्यांनी नेमके तेच केले. त्यांचा जन्म शके १०३६ चा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. स्वतःचे गाव त्यांनी सह्य पर्वताच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगितले आहे. ते कोणते यावर वाद आहे. कोणी सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरचे विजापूर म्हणतात, कोणी चाळीसगावजवळचे पाटण. पाटणला डॉ. भाऊ दाजी लाडांना सापडलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. सोलापूरचे सिद्धरामेश्वरही याच बाराव्या शतकातले, आणि त्यांची यात्रा मकर संक्रांतीची. त्या शतकात संक्रांत आणि सूर्याचे खरे उत्तरेकडे वळणे यांत सुमारे अकरा दिवसांचे अंतर होते. आज ते तीन आठवड्यांहून अधिक झाले आहे. हे अंतर पुढे कामाला येणार आहे. गाव कोणतेही धरा, भास्कराचार्य १६ ते २१ अंशांच्या पट्ट्यात वावरले. या माणसाने ‘गोलाध्याया’त सांगितले की ६६ अंशांच्या पलीकडे दिनमानाची नेहमीची रीत चालत नाही. तिथे सूर्याची उत्तर क्रांती लंबांशाहून, म्हणजे ९० मधून अक्षांश वजा जाता जे उरते त्याहून, अधिक असेपर्यंत अखंड दिवस, आणि दक्षिण क्रांती तशी असेपर्यंत अखंड रात्र. एवढ्यावर न थांबता त्यांनी आकडे दिले. ६९ अंश २० कलांवर धनू आणि मकर या राशी कधीच दिसत नाहीत. ७८ अंश १५ कलांवर वृश्चिक ते कुंभ अशा चार राशी दिसत नाहीत. आणि ९० अंशांवर, मेरूवर, तुळेपासून सहा.

या आकड्यांची परीक्षा आज करता येते, आणि तीही भारतीय ठाण्यावरून. गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे केंद्र जुलै २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, न्यू-ऑलेसुंद इथे सुरू झाले. अक्षांश ७८ अंश ५५ कला, म्हणजे भास्कराचार्यांच्या दुसऱ्या रेषेच्या अगदी लगत, किंचित उत्तरेला. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही भारतीय शास्त्रज्ञ राहू लागले. भास्कराचार्यांच्या राशी सायन धरायच्या, म्हणजे संक्रांतीचे ते वाढलेले अंतर काढून टाकायचे. मग सूर्य वृश्चिकेत शिरतो २३ ऑक्टोबरच्या सुमारास आणि कुंभेतून बाहेर पडतो १९ फेब्रुवारीच्या आसपास. न्यू-ऑलेसुंदला सूर्य ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जातो तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परततो. अखंड दिवसाचेही तसेच: पोथीप्रमाणे सूर्य वृषभेपासून सिंहेपर्यंत असताना, म्हणजे २० एप्रिल ते २३ ऑगस्ट, प्रत्यक्षात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत. दोन-चार दिवसांचा फरक उरतो त्याची कारणेही सांगता येतात. सूर्य हा बिंदू नाही, हवा किरणांना वाकवते, केंद्र रेषेच्या थोडे पलीकडे आहे, आणि सूर्याची परमक्रांती आपल्या सिद्धान्तांनी २४ अंश धरली होती, ती आज साडेतेवीसला किंचित कमी आहे. बर्फ ज्याने कधी पाहिले असेल की नाही याचीच शंका, त्या माणसाने ध्रुवरात्रीच्या तारखा आठवड्याच्या आत बरोबर सांगितल्या.

इथे एक शंका येऊ शकते. भास्कराचार्यांना गणित सुचले ते मेरूची जुनी स्मृती हाताशी होती म्हणून. देवांचा दिवस सहा महिन्यांचा हे आधीपासून ठाऊक होते, त्यांनी ते फक्त सिद्ध केले. शेवटच्या आकड्यापुरते हे मान्य करू. पण ६९ अंश २० कला हा आकडा कोणत्याही स्मृतीत असू शकत नाही. २४ अंशांची ज्या घ्या, तिला ६० अंशांच्या ज्येने गुणा, आलेल्या क्रांतीचा लंबांश काढा, तर ६९ अंश आणि वर वीस-बावीस कला मिळतात. ३० अंशांच्या ज्येने गुणले तर ७८ आणि पाव. दुसऱ्या कोणत्याही वाटेने हे आकडे येत नाहीत. कोणी याहून हुशारीने म्हणेल की परमक्रांती आज कमी असली तरी पाच हजार वर्षांपूर्वी ती खरोखरच २४ अंश होती, तेव्हा हा २४ म्हणजेच जुनी नोंद. योगायोग मोहक आहे खरा. पण ग्रीकांनीही २४ च धरला होता, वर्तुळात पंधरा भुजांची आकृती बसवली की एका भुजेला येणारा तो सोपा, पूर्ण आकडा. सोयीच्या पूर्णांकातून इतिहास काढायला गेले तर काहीही निघेल.

आता टिळकांकडे. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव चालू असताना पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि सप्टेंबरात दीड वर्षाची शिक्षा. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना मॅक्सम्यूलरनी ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीची प्रत पाठवली. त्यांची शिक्षा कमी व्हावी म्हणून झालेल्या अर्जावरही मॅक्सम्यूलरची सही होती. मुदतीआधी, ६ सप्टेंबर १८९८ ला ते सुटले. पूर्वजांच्या ध्रुवावरच्या वस्तीविषयीच्या ग्रंथाचा पहिला खर्डा त्याच वर्षाच्या अखेरीस तयार होता. पुढे ताईमहाराज प्रकरणाच्या खटल्यांनी त्यांची वर्षे खाल्ली, आणि प्रस्तावनेवर मार्च १९०३ ही तारीख पडली. ज्या महिन्यांत हा विचार घडत होता त्याच महिन्यांत युरोपातले लोक ध्रुवांकडे अक्षरशः जीव टाकत होते. टिळकांच्या अटकेच्या सोळा दिवस आधी, ११ जुलैला, स्वीडनचा आंद्रे दोन साथीदारांसह स्वालबार्डहून हवाई फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि नाहीसा झाला. तिघांचे अवशेष सापडायला १९३० साल उजाडले. टिळक येरवड्यात होते तेव्हा दक्षिण टोकाला ‘बेल्जिका’ हे जहाज बर्फात अडकले होते. १७ मे १८९८ ला मावळलेला सूर्य त्यातल्या माणसांना सुमारे सत्तर दिवस दिसला नाही. अंटार्क्टिक वृत्ताच्या आत पहिल्यांदाच माणसे अशी रात्र काढत होती. एक जण त्या काळोखात मेला, काहींच्या डोक्यावर परिणाम झाला. नॉर्वेच्या नान्सेनचे ‘फ्राम’ जहाज त्याआधी १८९३ ते १८९६ उत्तर महासागरात वाहत राहिले होते. ध्रुवाजवळ उथळ समुद्र आणि बेटे असतील या समजुतीच्या जागी त्याला तीन हजार मीटरांहून खोल पाणी मिळाले. हा आकडा लक्षात ठेवायचा.

टिळकांची युक्तिवादाची पद्धत कसलेल्या वकिलाची आणि गणिताच्या मास्तरची आहे. दोन्ही ते होतेच. आधी त्यांनी ध्रुवावरच्या आकाशाची लक्षणे ठरवली: सूर्य दक्षिणेला उगवतो, तारे उगवत-मावळत नाहीत, क्षितिजाला समांतर फिरतात, वर्षात एकच दिवस आणि एकच रात्र, आणि त्या दोहोंमध्ये दीड-दोन महिन्यांची एकच पहाट. ध्रुववृत्ताच्या आत पण ध्रुवाच्या खाली राहणाऱ्यांची लक्षणे वेगळी काढली. मग वेदांतून साक्षी उभ्या केल्या. सूर्योदयापूर्वी पुष्कळ दिवस चाललेल्या उषा, चाकासारखी फिरणारी उषा, तैत्तिरीय संहितेतल्या तीस बहिणी, दहा महिन्यांचे यज्ञसत्र, दशम युगात म्हातारा झालेला दीर्घतमस. उषासूक्तांचे आधीचे अर्थ लावणारे कुठे कुठे अडखळतात हे दाखवताना त्यांची उलटतपासणी आजही वाचण्यासारखी आहे. बोस्टन विद्यापीठाच्या वॉरननी मानवजातीचा पाळणा उत्तर ध्रुवावर होता असे पुस्तक १८८५ मध्ये लिहिले होते, त्याचे ऋण टिळकांनी मोकळेपणाने मान्य केले. पण वॉरनच्या पुस्तकात जे भाबडे होते त्याला टिळकांनी लक्षणांची शिस्त लावली. आणि इथेच ते भास्कराचार्यांना टाळून पुढे जातात. ज्योतिषग्रंथांतले मेरूचे वर्णन गणितातून आलेले असू शकते, हे त्यांना दिसत होते. पुण्यात जन्मून काशीत शिकवणाऱ्या बापूदेव शास्त्र्यांनी ‘गोलाध्याया’चा इंग्रजी अनुवाद तपासून १८६१ मध्येच छापून काढला होता. म्हणून टिळक सिद्धान्तांच्या मागे, तैत्तिरीय ब्राह्मणाकडे आणि पारशांच्या वेंदिदादकडे सरकले. संवत्सर म्हणजे देवांचा एक दिवस असे ब्राह्मणात आहे. यिम राजाच्या ‘वर’ नावाच्या कोटात वर्ष एका दिवसासारखे वाटते असे वेंदिदादमध्ये. त्या काळी गोलगणित नव्हते. गणित नव्हते तर मग पाहिलेच असले पाहिजे. सगळी इमारत या एका ‘च’वर उभी आहे.

तो ‘च’ तपासण्याआधी त्यांच्या उत्तम साक्षीला त्यांच्याच फुटपट्टीने मोजू. तीस उषा म्हणजे मध्ये काळोख न पडता सलग फिरणारी तीस दिवसांची पहाट, असा टिळकांचा आग्रह होता; विखुरलेल्या तीस सकाळी त्यांना चालत नव्हत्या. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांपर्यंत असताना आकाशात संधिप्रकाश राहतो असे धरू, आणि ही धारणा टिळकांना अनुकूलच आहे. पहाट अखंड राहायची तर दोन अटी: भर मध्यान्हीसुद्धा सूर्य वर येता कामा नये आणि मध्यरात्रीसुद्धा तो १८ अंशांहून खाली जाता कामा नये. हिशेब केला तर ८१ अंशांच्या दक्षिणेला अशी एक दिवसाचीही पहाट होत नाही. ८५ अंशांवर ती तीन आठवड्यांची होते आणि तीस दिवसांची व्हायला ८७ अंशांच्या आसपास जावे लागते. १८ ऐवजी कमी अंश धरले तर ही रेषा आणखी वर सरकते. आणि ८४ अंशांच्या पलीकडे पृथ्वीवर जमीनच नाही. तिथे नान्सेनचा तो खोल समुद्र आहे. पूर्वी जमीन असेल आणि बुडाली असेल, असे म्हणायला जागा नाही, कारण हजारो मीटर खोलीचे महासागराचे खोरे दहा-वीस हजार वर्षांत तयार होत नाही. सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर वस्ती मानली तर जमीन मिळते, पण ती सलग पहाट हातची जाते. टिळकांची सर्वांत बळकट साक्ष आणि त्यांचे सर्वांत शक्य वसतिस्थान यांचे एकमेकांशी जमत नाही. हे दाखवायला विसाव्या शतकातला कोणताही शोध लागत नाही. टिळकांच्या मेजावर ते गणित होते.

हिमयुगाचे गणित मात्र त्यांच्या हातात नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. नायगारा धबधब्याच्या झिजेवरून अमेरिकन भूगर्भतज्ज्ञांनी हिमयुगाचा शेवट अलीकडे, आठ-दहा हजार वर्षांपूर्वी आणला होता. त्यावरून टिळकांनी ठरवले की ध्रुवप्रदेशात आधी चिरवसंत होता, मग बर्फ आले, आणि इसवी सनापूर्वी दहा ते आठ हजारच्या सुमारास घर उद्ध्वस्त झाले. शेवटचे हिमयुग ११,७०० वर्षांपूर्वी संपले हा भाग त्यांच्या आकड्याशी जुळतो. पण त्याआधी त्या प्रदेशात वसंत नव्हता, एक लाखाहून अधिक वर्षांचे हिमयुगच होते. त्याच्यामागचा उबदार काळ गाठायचा तर सुमारे १,१५,००० वर्षे मागे जावे लागते. तिथे वेदांतला रथ कसा नेणार? पाळीव घोडा आणि आऱ्यांचे चाक युरेशियाच्या गवताळ प्रदेशात इसवी सनापूर्वी दोन हजारच्या आगेमागे दिसू लागतात, आणि ती ठिकाणे ध्रुववृत्तापासून कितीतरी दक्षिणेला, ५०-५५ अंशांवर आहेत. टिळकांच्या बाजूने एवढे मात्र सांगितले पाहिजे की ध्रुववृत्ताच्या आत माणूस राहूच शकत नव्हता हा आक्षेप खोटा आहे. सायबेरियात याना नदीकाठी, ७१ अंशांवर, तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत, तर त्याच्याही उत्तरेला, ७६ अंशांवरच्या झोखोव बेटावर, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. पण ती शिकाऱ्यांची वस्ती होती. गाईगुरे आणि घोडे यांच्याशिवाय ऋग्वेदाचे पान हलत नाही.

राहिला तो ‘च’. गणित नसेल तर पाहणे, या दोहोंपलीकडे तिसरी वाट आहे, ऐकण्याची. हिरोडोटस हा आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचा ग्रीक. शकांच्या मुलखापलीकडे, दूर उत्तरेला, वर्षातले सहा महिने झोपणारी माणसे आहेत असे त्याने ऐकले आणि लिहून ठेवले. वर, आपला यावर अजिबात विश्वास नाही, असेही लिहिले. त्याच्या पूर्वजांपैकी कोणी ध्रुवावर राहिले नव्हते आणि त्याच्या काळी अक्षांशांचे गणितही नव्हते. बातमी तेवढी गवताळ प्रदेशातून, हातोहात, व्यापाराच्या वाटांनी खाली उतरली होती, येता येता बिघडली होती, आणि तरी तिच्यात सहा महिन्यांची रात्र शाबूत होती. त्याच गवताळ प्रदेशाच्या दक्षिण कडेला इराणी आणि भारतीय टोळ्या वावरत होत्या. वेंदिदादमधला ‘वर’ आणि ब्राह्मणातला देवांचा दिवस यांना एवढी बातमी पुरेशी आहे. आक्षेप असा येईल की ऐकीव बातमी एखाद्या वाक्यात मावते, पण उषासूक्तांचा सूर, सूर्य येईल की नाही ही घालमेल, ऐकून येत नाही. हा आक्षेप टिळकांच्या पुस्तकाचा खरा प्राण आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण कवीची घालमेल हे अक्षांश मोजायचे यंत्र नाही. आणि ५०-५५ अंशांवर जूनमध्ये रात्रभर उत्तरेच्या क्षितिजावरून उजेड हलत राहतो, डिसेंबरात दिवस जेमतेम सात-आठ तासांचा उरतो. पहाटेचे अप्रूप वाटायला तेवढे पुष्कळ आहे.

शिवाय आपल्या परंपरेने दिवस प्रत्यक्ष मोजल्याची नोंद आहे, आणि ती ध्रुवाची नाही. वेदांगज्योतिषात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा, म्हणजे १४ तास २४ मिनिटे आणि ९ तास ३६ मिनिटे असा सांगितला आहे. हे प्रमाण सुमारे ३५ अंशांवर बसते, काश्मीर-गांधाराच्या बाजूला. ते बाबिलोनकडून आले असे मानणारेही आहेत. तसे असले तरी उत्तर ध्रुवाकडून ते आले नाही एवढे नक्की. टिळकांचा ग्रंथ निघाल्यावर पुण्याच्याच नारायण भवानराव पावगींनी १९१५ मध्ये आर्यांचे मूळ स्थान सप्तसिंधूत होते असा इंग्रजी ग्रंथ लिहिला. पण पावगींना ध्रुवाची वर्णने सोडवेनात, म्हणून त्यांनी सप्तसिंधूतून निघालेल्या लोकांना ध्रुवाकडे वसाहत करायला पाठवले आणि परत आणले! विरोधकानेही तो ‘च’ स्वीकारला होता. पाहिल्याशिवाय कळत नाही, हे दोघांच्या वादात गृहीतच होते, आणि भास्कराचार्यांचे आकडे कोणाच्याच बाजूने साक्षीला आले नाहीत.

टिळक स्वतः पुढे या वाटेवरून थोडे बाजूला सरकलेले दिसतात, जरी त्यांनी तसे कधी म्हटले नाही. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्या’बरोबरच वेदांगज्योतिषाचे दुर्बोध श्लोक सोडवण्याचे काम त्यांनी केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२५ मध्ये छापले गेले. आणि १९१७ मध्ये भांडारकर गौरवग्रंथासाठी त्यांनी खाल्डियन व भारतीय वेदांवर एक लेख लिहिला. अथर्ववेदातल्या विष उतरवण्याच्या मंत्रांत तैमात, उरुगूला असे जे शब्द कोणालाच लागत नव्हते, ते बाबिलोनच्या बाजूचे आहेत हे त्यांनी त्यात दाखवले. वैदिकांचे पूर्वज कधीकाळी बाबिलोनमध्ये राहत होते, असा निष्कर्ष त्यांनी या वेळी काढला नाही. दोन देशांत येणेजाणे होते, व्यापार होता, त्याबरोबर शब्द आले, एवढ्यावर ते समाधानी राहिले. एका सापाचे नाव युफ्रेटिसच्या काठावरून अथर्ववेदात येऊ शकते हे मान्य केल्यावर, सहा महिन्यांच्या रात्रीची बातमी सायबेरियातल्या येनिसेच्या काठावरून का येऊ शकणार नाही, हा प्रश्न त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. तीन वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० ला, ते गेले.